टबीथाची वस्त्रे

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 9:36-42



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातील एखादे लाडके माणूस कर्करोगाने हिरावून नेले आहे. हा आजार माणसाला तर नेतोच, पण जाताना त्याची आठवणही काबीज करू पाहतो. डोळे मिटले की त्या माणसाचे साठ वर्षांचे हसतेखेळते आयुष्य दिसत नाही. दिसतात ते शेवटचे चार महिने : केमोथेरपीने गळालेले केस, सुकलेले ओठ आणि उशाशी मांडलेल्या औषधांच्या बाटल्या.

माझी थोरली बहीण जबलपूरच्या रेल्वे वसाहतीत संसार करीत असता स्तनाच्या कर्करोगाने प्रभूत निजली. आम्ही तिला आक्का म्हणत असू. हिंदी मुलखात वाढणाऱ्या मुलांना मराठीत प्रार्थना करता यावी म्हणून तिने पस्तीस वर्षे आपल्या घरातच संडे स्कूल चालविले. नाताळात तिच्या करंज्यांचे ताट वसाहतीतील प्रत्येक घरी जाई. मात्र ती गेल्यानंतर कित्येक महिने तिचे नाव निघाले की आमचे बोलणे रिपोर्ट, सलाइन आणि शेवटची रात्र यांवर येऊन थांबे. तिची धाकटी नात तर तिला ‘आजारी आजी’ या नावानेच ओळखू लागली होती. पस्तीस वर्षांची सेवा दोन वर्षांच्या दुखण्याखाली झाकली गेली होती.

अशा वेळी यापो गावच्या त्या माडीवरील खोलीकडे पाहावे. टबीथा, म्हणजेच दुर्कस, आजारी पडून मरण पावली होती. तिला कोणता आजार झाला, ती किती दिवस अंथरुणावर होती, याविषयी लूकाने एक अक्षरही लिहिलेले नाही. लूक तर वैद्य होता, हे पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रावरून आपल्याला ठाऊक आहे. तरीही त्याने दुखण्याचे नाव गाळले आणि अंगरख्यांची हकिकत सांगितली. पेत्र आला, तेव्हा विधवा त्याच्याभोवती रडत उभ्या राहिल्या आणि टबीथाने त्यांच्यासाठी शिवलेली वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. पेत्र पुढे काय करणार, हे त्यांना माहीत नव्हते. त्यांच्या हाती एवढेच होते, की जिने आपल्याला पांघरले तिच्या हातचे काम जगाला दाखवावे. ख्रिस्ती स्मरण म्हणजे हेच.

त्या विधवा रडत होत्या, हेही ध्यानात ठेवावे. श्रद्धावंताने अश्रू ढाळू नयेत, विश्वास कमी पडला म्हणून रोगी बरा झाला नाही, असे बोल शोकाकुल घरात काही वेळा ऐकू येतात. ते बोल ऐकून खचलेल्यांनी बेथानीला जावे. थोड्याच वेळात लाजराला उठवायचे आहे हे ठाऊक असूनही प्रभू तेथे रडला. जन्मांधाविषयी शिष्यांनी कोणाच्या पापाचा हा परिणाम असे विचारले, तेव्हा त्याने तो हिशेबच नाकारला. मग आपण तो हिशेब आपल्या मृतांवर का लादावा?

कोणी म्हणेल, “टबीथा उठली; आमचे माणूस उठले नाही.” ही वेदना खरी आहे आणि ती शब्दांनी झाकता येणार नाही. पण टबीथालाही पुढे कधीतरी पुन्हा मरण आलेच. तिचे उठणे ही खूण होती. ज्या पुनरुत्थानानंतर मरण नाही, त्याचा तो विसार होता. तो विसार आपल्यासाठीही आहे.

मग दुखण्याचे दिवस विसरावेत काय? नाही. पुनरुत्थित प्रभूने थोमाला हातांतील व्रण दाखविले. गौरवी शरीरातही ते पुसले गेले नाहीत. मात्र त्यांतील वेदना संपली होती आणि ते ओळखीची खूण झाले होते. रात्र रात्र जागून पाय दाबणारी मुलगी, चमच्याने पेज भरविणारा पती, वेदनेतही इतरांसाठी प्रार्थना करणारा तो रोगी, या आठवणी त्या व्रणांसारख्या जपाव्यात. दुखण्याला आठवणीत जागा असावी, पण सिंहासन असू नये.

आणि स्मरणाला हात असावेत. मेहरबाई टाटा 1931 साली ल्युकेमियाने निधन पावल्या. टेनिस खेळणारी आणि बालविवाहाविरुद्ध झटणारी ही बाई होती. त्यांचे पती सर दोराबजी यांनी 1932 साली तिच्या नावे ल्युकेमियाच्या संशोधनासाठी निधी स्थापन केला आणि त्याच वर्षी तेही गेले. पुढे त्यांच्या विश्वस्त निधीने मुंबईत परळ येथे उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. हे कुटुंब पारशी होते. परंतु एका पत्नीच्या आठवणीला कोणते रूप येऊ शकते, हे तेथे आपल्यालाही पाहता येते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी आजही तेथे येतात.

आपल्याजवळ तेवढे धन नाही; टबीथाजवळही सुईदोराच होता. 2 नोव्हेंबरला किंवा आपल्या माणसाच्या स्मरणदिनी कबरेवर फुले अवश्य वाहावीत. त्याबरोबर परगावाहून उपचारासाठी आलेल्या एखाद्या कुटुंबाला जेवणाचा डबा न्यावा, रक्तदान करावे, रोग्यासोबत दवाखान्याच्या रांगेत बसावे. स्तन, तोंड आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग लवकर कळल्यास बरे होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. म्हणून स्तनात गाठ लागली, तोंडातील जखम भरून येईना किंवा अवेळी रक्तस्राव झाला, तर संकोच न करता तपासणी करवून घ्यावी व मंडळीतील इतरांनाही तसे सांगावे. गेलेल्या माणसाच्या नावाने एखादा जीव वाचला, तर त्याहून मोठे स्मारक कोणते?

आता आक्काच्या नातीला करंजीची कड दुमडता येते. ही आजीची कड, असे तिला सांगितले आहे. प्रिय वाचकहो, आपल्याही घरातील पेटी उघडा, ती वस्त्रे बाहेर काढा आणि मुलांना दाखवा. सर्व सांत्वनाचा देव आपल्या अश्रूंत आपल्याजवळ राहो. आमेन.