मी फक्त दिवा धरतो

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याचा इंग्लंडहून फोन आला. तो तिकडे एका खेड्यात राहतो. घरात लहानपणापासून सत्संग, शाकाहार, सकाळची प्रार्थना. परदेशी जाऊनही त्याने ते सोडलेले नाही. शेजारच्या शेतकऱ्याने त्याच्याकडे एक मदत मागितली होती. रात्री शेतात ससे मारायला जायचे. बंदूक शेतकरी चालवणार, भाच्याने सोबत राहून दिवा धरायचा. बर्फात भाच्याची गाडी रुतली की ट्रॅक्टर घेऊन धावत येतो तो हाच शेतकरी. भाचा म्हणाला, "मामा, मी मारणार नाही, खाणारही नाही. फक्त दिवा धरायचा. यात मला दोष लागतो का?"

साधक मित्रहो, याचे उत्तर मला लगेच देता आले नाही. नुसते "हिंसा पाप आहे, जाऊ नकोस" म्हणून फोन ठेवणे सोपे होते. पण त्या शेतकऱ्याची बाजू समजून न घेता दिलेले उत्तर भाच्याच्या काय कामाचे?

आपल्याकडचा ससा उघड्या रानात, गवताच्या आडोशाला राहतो. इंग्लंडमधला हा ससा बिळात राहतो, तोही टोळीने. रात्री बाहेर पडतो आणि शेताच्या कडेचे गव्हाचे कोवळे कोंब मुळापर्यंत खाऊन टाकतो. मादी महिनाभरात वितेते आणि वर्षातून अनेकदा विते. तिथल्या १९५४ च्या कायद्याने आपल्या जमिनीवरील सशांना आवर घालण्याची जबाबदारी शेतकऱ्यावरच टाकली आहे. त्यामुळे तो रात्री निघतो. एकाच्या हाती दिवा, दुसऱ्याच्या हाती एअर रायफल. कमी शक्तीच्या अशा रायफलीला इंग्लंडमध्ये परवानाही लागत नाही. दिवा शेतावरून फिरतो, अंधारात दोन तांबूस ठिपके चमकतात आणि ससा काही क्षण थबकतो. छर्रा लहान असतो, म्हणून तीसेक मीटरच्या आतून थेट डोक्यातच बसावा लागतो. चुकला तर जखमी ससा बिळात शिरतो आणि तिथे त्याचे काय होते ते कोणाला दिसत नाही. ज्या शेतात वरचेवर दिवा फिरतो, तिथले ससे मात्र उजेड दिसताच पळू लागतात, असे शिकारीच सांगतात. म्हणजे उजेडाची भीती त्यांना आपण शिकवली.

हे ससे मूळचे त्या बेटावरचे नव्हेत. मध्ययुगात नॉर्मन लोकांनी मांसासाठी आणि कातडीसाठी ते आणून जोपासले. पुढे ते आवाराबाहेर पसरले आणि उपद्रवी ठरले. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा रोग ब्रिटनमध्ये पोचला. सुजून बंद झालेल्या डोळ्यांचे ससे रस्त्यांवर भेलकांडत फिरू लागले आणि बहुतेक सगळे मेले. काही जणांनी तर आजारी ससे मुद्दाम आपल्या शेतात नेऊन सोडले. १९५४ च्या त्याच कायद्याने असे करणे हा गुन्हा ठरवला. त्या मरणाशी तुलना केली तर नेमका बसलेला छर्रा दयाळूच म्हणावा लागेल, आणि शेतकऱ्याचे म्हणणेही तेच असते. मला ते खोटे वाटत नाही.

अहिंसेचा विचार करणाऱ्यांना ही अडचण नवी नाही. १९२६ मध्ये अहमदाबादेत अंबालाल साराभाईंच्या गिरणीच्या आवारात साठ मोकाट कुत्री मारली गेली. पिसाळण्याची भीती होती. गांधीजींनी या कृत्याला दोष दिला नाही, म्हणून देशभरातून त्यांच्यावर संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. ही हिंसा नाही, असे मात्र ते कधी म्हणाले नाहीत. पालन करायचे नाही, जबाबदारी घ्यायची नाही आणि रस्त्यावर भाकरीचा तुकडा टाकून दयाळू म्हणवून घ्यायचे, याला त्यांचा आक्षेप होता. आश्रमातल्या पिकांची नासाडी करणाऱ्या माकडांचे काय करावे, हा प्रश्नही त्यांनी १९२८ मध्ये उघडपणे चर्चेला घेतला. अहिंसेसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाला जे अवघड वाटले, ते आपण फोनवर एका वाक्यात कसे सोडवणार?

तरीही भाच्याच्या प्रश्नातला "फक्त" हा शब्द माझ्या मनातून जाईना, कारण तो मी स्वतः वापरलेला आहे.

मी तेरा वर्षांचा असेन. सोलापूरकडच्या आमच्या गावी एक अण्णा होते, त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. शिकारीला आजच्यासारखी बंदी तेव्हा नव्हती; वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. एका रात्री अण्णांनी मला माळावर नेले आणि तीन सेलची बॅटरी हातात दिली. मला केवढा अभिमान वाटला! ससा उजेडात आला, कान ताठ करून बसला. मी हात हलू दिला नाही. दुसऱ्या दिवशी आईला कळले तेव्हा मी म्हणालो, "मी नाही मारला. मी फक्त बॅटरी धरली होती." आई रागावली नाही. भाकरी थापता थापता तिने एवढेच विचारले, "मग त्याला पळायची वाट का दिसली नाही रे?"

पतंजलींनी हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि जिला आपण संमती दिली ती. त्यामागे लोभ, क्रोध किंवा मोह असतो आणि तिची मात्राही कमी-अधिक असते, हेही त्यांनी तिथेच सांगून ठेवले. योगसूत्रांवरची प्रवचने ऐकताना मला नेहमी ती बॅटरी आठवते. दिवा धरणाऱ्याचा हात चाप ओढणाऱ्या हातापासून वेगळा काढता येत नाही. दिव्यावाचून तिथे शिकार होतच नाही.

पण मग माझ्या ताटातल्या पोळीचे काय? गव्हाच्या शेतात कोण राखण करतो, कशाने करतो, किती उंदीर आणि किडे मरतात, हे मी कधी विचारले आहे? भाच्याच्या घरचे पीठ कदाचित त्याच शेतातून येत असेल. मी ससा खात नाही म्हणून मी मोकळा झालो, असे म्हणायची माझी तरी हिंमत नाही. संमती मीही देतोच, फक्त न बघता.

दोन दिवसांनी मीच भाच्याला फोन केला. दोष लागतो की नाही याचा निवाडा केला नाही. दोन गोष्टी सांगितल्या. पहिली माहितीची. ससाण आपल्या पिलांजवळ चोवीस तासांत साधारण एकदाच, तीही थोडी मिनिटे, दूध पाजायला जाते. वसंतात ती दिव्यात सापडली, तर बिळातली आंधळी पिले वाट पाहत मरतात. ती कुठल्याच मोजणीत येत नाहीत. दुसरा प्रश्न होता. म्हटले, "समजा उद्या शेताला भक्कम जाळी बसली आणि रात्री जायची गरज उरली नाही. तुला सुटल्यासारखे वाटेल की चुकल्याचुकल्यासारखे? हे आधी स्वतःला विचार, मग शेतकऱ्यालाही विचार. पण त्याला विचारताना न्यायाधीश होऊ नकोस."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, खरं सांगू? मी एकदा जाऊन आलोय. थंडी, चांदणं, मोठ्या माणसांसारखं कुजबुजत चालणं... मजा आली. म्हणूनच तुम्हाला फोन केला."

त्याच्या या प्रामाणिकपणाला मी मनोमन नमस्कार केला. मला तेराव्या वर्षी हे सांगता आले नव्हते.

पुढे त्याने शेतकऱ्याला स्पष्ट सांगितले की दिवा धरणार नाही, पण जाळी लावायला दर शनिवारी येईन. सशाने खालून उकरून शिरू नये म्हणून जाळीचा तळ जमिनीत वळवून पुरावा लागतो. काम कष्टाचे आहे आणि महागही. शेतकरी हसला. सगळ्या कुंपणाला जाळी लावायची तर जन्म जाईल, म्हणाला. तरी त्याने एक फावडे काढून दिले. आतापर्यंत एका बाजूची जाळी झाली आहे. उरलेल्या तीन बाजूंना रात्री दिवा फिरतोच. तो आता शेतकऱ्याचा पुतण्या धरतो. शनिवारी संध्याकाळी माझ्या भाच्याचे हात दुखत असतात, म्हणून फोन हल्ली रविवारी येतो.