यंत्राचा आवाज आणि बालकाचें वाचन

गेल्या पावसाळ्यांतील एक लहानसा प्रसंग आमच्या मनांतून अद्याप जात नाहीं. आमच्या घरीं कामास येणाऱ्या बाईंची दुसरींत शिकणारी मुलगी सुटीच्या दिवशीं आईबरोबर येते. तिला गोष्टींची आवड आहे असें पाहून आम्हीं आपला जुना टॅब्लेट तिच्या स्वाधीन केला. त्यांत रंगीत चित्र, खालीं मोठ्या टाइपांत मजकूर, आणि स्पर्श करतांच तो मजकूर वाचून दाखविणारा मधुर आवाज, अशी सर्व सोय होती. पंधरा दिवसांत ती मुलगी एक सबंध गोष्ट, ओळींवरून बोट फिरवीत, न अडखळतां म्हणूं लागली, आणि आम्ही कृतकृत्य झालों. एके दिवशीं त्याच गोष्टींतील एक वाक्य कागदावर लिहून आम्हीं सहज तिच्यापुढें ठेविलें. तिनें कागदाकडे पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें, आणि हळूच विचारलें, ‘‘काका, ह्याला आवाज कुठं आहे?’’

तेव्हां आमच्या मनांत आलें : ह्या मुलीस आम्हीं वाचावयास शिकविलें, कीं वाचण्यावांचून भागविण्याची कला शिकविली? प्राथमिक वर्गांत अक्षरओळखीच्या साहाय्यार्थ यंत्रें आणावीं कीं न आणावीं, हा वाद हल्लीं सर्वत्र चालू आहे. परंतु आमच्या मतें खरा प्रश्न यंत्राचा नसून ‘वाचणें’ ह्या क्रियेच्या स्वरूपाचा आहे.

यंत्रास दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे, पण तें न्याय्य नाहीं. पाटी व पेन्सिल हींही एके काळीं नवीं साधनेंच होतीं. आपल्या पंतोजींच्या शाळेंत मुलें धुळाक्षरें गिरवीत. मद्रासेंत अँड्र्यू बेल नामक पाद्र्यानें वाळूंत बोटानें अक्षरें काढणारीं मुलें पाहिलीं, ती रीत आपल्या शाळेसाठीं उचलली, आणि १७९७ सालीं पुस्तक लिहून तिचा परिचय इंग्लंडास करून दिला. वाळू हेंही त्या काळचें तंत्रच होय. फार काय, प्लेटोच्या ‘फीड्रस’ संवादांतील राजा थेमस खुद्द लेखनकलेवरच आक्षेप घेतो कीं, तिच्यामुळें माणसांची स्मरणशक्ति दुबळी होईल. तो आक्षेप आपणांपर्यंत पोहोंचला, तो मात्र लिहून ठेविल्यामुळेंच!

उलटपक्षीं, साधन दिलें म्हणजे विद्या आली, ही समजूतही तितकीच भ्रामक. पेरू देशांत ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ ह्या योजनेखालीं लक्षावधि संगणक वांटले गेले; २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासांत गणित व भाषा ह्या विषयांच्या गुणांवर त्यांचा कांहीं परिणाम आढळला नाहीं. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या शाळेंतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोड जोडण्याचें जें कार्य केलें, त्याबद्दल २०२० सालीं ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ देऊन त्यांचा गौरव झाला. दोन्हीकडे यंत्र होतें. पण परितेवाडींत यंत्राच्या मागें मुलांस ओळखणारा गुरु उभा होता. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणींत, देशाच्या ग्रामीण भागांतील पांचवीच्या मुलांपैकीं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचूं शकणारीं शेकडा ४३ च्या आसपासच निघालीं; २०१८ सालीं तें प्रमाण निम्म्याच्या घरांत होतें. मधल्या काळांत करोनाच्या सांथीमुळें शाळा बंद होत्या, आणि ज्यांच्या घरीं मोबाइल होता त्यांची शाळा मोबाइलमध्यें भरत होती.

मग साधनाची कसोटी कोणती? कोणी म्हणेल, जें कालांतरानें अनावश्यक होतें तें साधन चांगलें; मूल चालूं लागतांच पांगुळगाडा जसा माळ्यावर जातो. आम्हांसही प्रथम हेंच पटलें होतें. परंतु आमचा चष्मा आमच्या नाकावर तीस वर्षें आहे, आणि अंध बालकास मजकूर वाचून दाखविणारें यंत्र कदाचित् जन्मभर लागेल. म्हणून तीं साधनें वाईट काय? तेव्हां साधन किती काळ लागतें, ही खरी कसोटी नव्हे. अंध मुलगा तें यंत्र थांबवितो, मागें नेतो, संशय आला तर पुन्हां ऐकतो; मजकुरावर सत्ता त्याची चालते. आमच्या त्या मुलीवर मात्र सत्ता आवाजाची होती.

महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर शिक्षण आयोगापुढें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली, ती केवळ मुलांस गोष्टी वाचतां याव्या म्हणून नव्हे. दस्तऐवजांत काय लिहिलें आहे हें सावकार वा कुलकर्णी वाचून दाखवील तेंच खरें मानणारा शेतकरी कसा नागवला जातो, हें त्यांनीं पाहिलें होतें. तात्पर्य, दुसऱ्यानें सांगितलेलें स्वतः पडताळून पाहण्याचें सामर्थ्य म्हणजे साक्षरता. आपणांसाठीं वाचणारा आवाज कितीही मधुर असो, ज्यास तो पडताळतां येत नाहीं त्याच्या दृष्टीनें तो नवा कुलकर्णीच होय.

येथें आपण सुशिक्षितांनीं स्वतःकडेही पाहावें. आपल्या मुलांजवळ टॅब्लेट असतो, आणि शेजारीं आई, आजी किंवा शिकवणीचे मास्तरही असतात. गरिबाच्या मुलास आपण नुसता टॅब्लेट देतों व दानाचें समाधान मिळवितों. आम्हीं तेंच केलें होतें. यंत्र दुसऱ्यास द्यावयाचें, आणि वेळ मात्र आपल्या घरासाठीं राखून ठेवावयाचा, हा न्याय नव्हे.

असो. आम्हीं यंत्र फेकून दिलें नाहीं. त्याचा आवाज तेवढा बंद केला, आणि रविवारीं अर्धा तास तिच्याजवळ बसूं लागलों. ती अगोदर स्वतः वाचते, अडते, पुन्हां वाचते. मग आवाज सुरू करून आपलें बरोबर आलें कीं नाहीं हें ताडून पाहते. प्रगति मंद आहे. परवा एक ओळ वाचून दाखवितांना घाईनें आमच्याकडून एक शब्द भलताच वाचला गेला. तिनें ओळीवर बोट ठेविलें व ती म्हणाली, ‘‘काका, इथं तसं नाही लिहिलेलं.’’ आम्हीं चष्मा सांवरून पाहिलें. तिचें म्हणणें खरें होतें.