बालकाचा हक्क आणि जाणत्याचें कर्तव्य

ज्याला हक्क मागतां येत नाहीं, त्याला तो आहे असें म्हणण्यांत अर्थ काय? हवामानाच्या पालटाचा विचार मुलांच्या हक्कांच्या दृष्टीनें कायदेपंडित करूं लागले आहेत, तेव्हां हा जुना प्रश्न नव्यानें उभा राहतो. भारतानें बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९९२ सालीं स्वीकारला. पुढें २०१९ मध्यें रिधिमा पांडे हिच्यासह सोळा मुलांनीं पांच राष्ट्रांविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार नेली. एका राष्ट्राच्या कर्बवायूची झळ परदेशांतील मुलांस लागली तरी तें राष्ट्र जबाबदार ठरूं शकतें, हें तत्त्व समितीनें २०२१ मध्यें मान्य केलें. तक्रार मात्र, आधीं त्या त्या राष्ट्राच्या न्यायालयांत जावयास हवें होतें म्हणून, दाखल करून घेतली नाहीं. न्यायाला थांबतां येतें. बाल्याला येत नाहीं.

हा प्रश्न दूरचा नाहीं. आमच्या बारामती तालुक्यांत १८८५ पासून नीरेचा डावा कालवा वाहतो. त्याच्या खालच्या अंगास ऊंस, वरच्या अंगास जिरायत. पाऊस लहरी झाला कीं तेथील पोरांची घागरीसाठींची पायपीट लांबते. याच बारामतींत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानें उंसाला पाणी केव्हां व किती हवें, हें ठरविण्याचे प्रयोग झाले आहेत.

कोणी म्हणेल, यंत्रानें पाणी वांचेल, मग चिंता कसली? वांचेल खरें, पण वांचलेलें पाणी कोणाचें, हें माणसानेंच ठरवावयाचें आहे. पूर्वी अज्ञानाची सबब तरी होती. उंसाची तहान ज्याला मोजतां येते, त्याला पोराची तहान कळली नाहीं असें आतां म्हणतां येणार नाहीं. मुलाचा हक्क त्याच्या मागणीवर अवलंबून नाहीं. तो जाणत्याच्या कर्तव्यांत आहे, आणि ज्ञानाबरोबर तें कर्तव्यही वाढतें.