नियम आपल्या विरुद्ध जातो तेव्हा

भोईवाड्याच्या कोर्टात तारखेसाठी आलेल्या माणसांचा वकिलाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'आज साहेब कोण आहेत?' कायदा सगळीकडे एकच, पण तो चालवणारी माणसं एकसारखी नसतात, हे कधी शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही कळतं.

भोईवाड्यातले साहेब लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतात. सर्वोच्च न्यायालयासाठी मात्र कुठलीच परीक्षा नाही. तिथे माणसांनीच माणूस निवडायचा. मग निवडणाऱ्यांवर अंकुश कोणाचा?

भोईवाड्यापासून जवळच परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षं राहिले. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी याच प्रश्नाला हात घातला. नेमणुका केवळ सरकारच्या मर्जीवर सोडणं त्यांना धोक्याचं वाटलं. अमेरिकेसारखी संसदेची संमती घ्यावी, तर त्यात राजकारण शिरेल. सरन्यायाधीशांच्याच हाती नकाराधिकार द्यावा, तर तेही अखेर माणूसच, आपल्यासारखेच राग-लोभ असलेले. म्हणून त्यांनी सल्लामसलतीचा मधला मार्ग धरला.

पण सल्ला घेणाऱ्याचं मन साफ नसेल, तर सल्ला कागदावरच राहतो. एप्रिल १९७३मध्ये संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला आणि लगेच शेलट, हेगडे व ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ राय सरन्यायाधीश झाले. तिघांनीही राजीनामे दिले. आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्यांना कोर्टात दादच मागता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९७६मध्ये चार विरुद्ध एक मतानं दिला. विरोधातलं एकटं मत हंसराज खन्ना यांचं होतं. पुढच्याच वर्षी तेही डावलले गेले.

खरी कसोटी लागली ती १९७८मध्ये. सरकार बदललं होतं. ज्येष्ठतेनं पाळी आली होती पुण्याच्या यशवंतराव चंद्रचूड यांची. तेही १९७६च्या त्या चौघांपैकी एक. मुंबईतल्या काही नामवंत वकिलांनी आणि नागरिकांनी त्यांच्या नेमणुकीला जाहीर विरोध केला. त्यांचा राग खोटा नव्हता. सरकारात कोण होते? स्वतः पंतप्रधान मोरारजी देसाई आणीबाणीत स्थानबद्ध होते. रेल्वेमंत्री मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते. ज्या निकालानं त्यांच्यासारख्यांसाठी कोर्टाचं दार बंद केलं, त्या निकालावर ज्यांची सही होती, त्यांनाच सरन्यायाधीश करायचं होतं. आणि त्या सरकारनं ते केलं.

मला हा क्षण फार मोठा वाटतो. डावलणं चुकीचं म्हणून ज्यांनी आवाज उठवला, त्यांच्याच हाती डावलण्याची सत्ता आली आणि त्यांनी ती वापरली नाही. खन्नांवर अन्याय झाला, असं म्हणण्याचा हक्क त्यांनी त्या दिवशी कमावला.

याच चंद्रचूडांनी १९८०मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात संसदेच्या अमर्याद घटनादुरुस्तीला लगाम घातला. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं त्यांनी लिहिलं. पण पुढे चांगलं घडलं म्हणून १९७८चा निर्णय योग्य ठरला, असं मी म्हणणार नाही. पुढचं कोणालाच दिसत नव्हतं. तो निर्णय घेतला त्या दिवशीच योग्य होता.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३च्या निकालानंतर नेमणुकीचा शब्द न्यायवृंदाकडे, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाकडे गेला. त्याच्या जागी आणलेला न्यायिक नियुक्ती आयोग २०१५मध्ये न्यायालयानं रद्द केला. वाद अजून मिटलेला नाही, आणि निवड अधिक उघडपणे व्हायला हवी, असं मलाही मनापासून वाटतं. पण खोलीत तीन माणसं असोत वा पाच, मंत्री असोत वा न्यायमूर्ती, 'आपला माणूस' ही भूक दाराबाहेर ठेवून आत जाणं ज्याला जमत नाही, त्याला कुठलीच पद्धत सुधारणार नाही.

ही भूक आपल्याही घरात असते. सोसायटीच्या निवडणुकीत असते, कचेरीतल्या बढतीत असते. या आठवड्यात एवढंच करून पाहू. एखाद्या नेमणुकीनं मन सुखावलं, तर क्षणभर थांबून स्वतःला विचारू : हीच रीत वापरून समोरच्यानं त्याचा माणूस बसवला असता, तर मी गप्प बसलो असतो का?

उत्तर 'नाही' आलं, तर तो आनंद न्यायाचा नव्हता.