हाक खोटी असली तर?



खोल समुद्रात बोटी नेणाऱ्या पुष्कळांना ‘डॅट’ हे लहानसे यंत्र ठाऊक आहे. इस्रोने बनवलेले हे यंत्र २०१० पासून वापरात आहे. संकटात बटण दाबले की बोटीची ओळख आणि जागा उपग्रहामार्गे बंगळुरूच्या केंद्रात पोचते व तेथून तटरक्षक दलाला कळते.

अडचण वेगळीच आहे. जगभर अशा यंत्रांतून येणाऱ्या हाकांपैकी बहुतेक खोट्या निघतात. कधी चुकून हात लागतो. कधी जुने यंत्र भंगारात टाकलेले असते आणि ते तिथूनच ओरडत राहते. मग दहा वेळा फसलेल्याने अकराव्यांदा का निघावे?

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. तात्पर्य काय, तर खोटे बोलू नये. गावकऱ्यांना मात्र कोणी जाब विचारत नाही. खरे तर मेंढरे त्यांचीच होती!

समुद्राचा आंतरराष्ट्रीय कायदा गावकऱ्यांना सोडत नाही. कोणी संकटात असल्याची खबर मिळाली की कप्तानाने पूर्ण वेगाने जावे, हाक कोणाची हे पाहू नये. सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडाच्या डोंगरात एक छोटे विमान कोसळले. त्याची हाक टिपली सोव्हिएत उपग्रहाने, तीही शीतयुद्ध चालू असताना. तिघे वाचले. यरीहोच्या वाटेवर पडलेला माणूस लुटारूंचे आमिषही असू शकला असता. शोमरोनी थांबलाच ना?

पण मदतीला जाणाऱ्यांनाही जीव असतो, घरी बायकामुले असतात. त्यांनी वादळात कशाला जावे, हा आक्षेप आम्हांला हलका वाटत नाही. म्हणून खातरजमा करणे हा अविश्वास नव्हे. विचारपूस जरूर करावी, पण इंजिन चालू करून. आणि हाक मारणाऱ्यावरही कर्तव्य येते: चुकून बटण दाबले गेले, तर लाज न बाळगता लगेच तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावे.

याहून मोठा दोष आम्हांला दुसराच दिसतो. पाणी आत येत असतानाही ‘लोक हसतील, चौकशी होईल’ म्हणून बटण न दाबणारा तांडेल. अब्रू त्याची एकट्याची, जीव मात्र सगळ्या खलाशांचे. तो त्यांना न विचारता पणाला लावण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

जुन्या डॅटचे बटण दाबल्यावर कोणी ऐकले की नाही, हे बोटीवर कळत नसे. २०२४ मध्ये आलेल्या नव्या यंत्रात किनाऱ्याकडून उलट पोच येते. मदत पोचायला तास लागतील, पण तोवर फळकूट धरून राहायचे की हात सोडायचे, हे त्या पोचेवरही ठरू शकते.

ज्यांनी बोट विकली आहे किंवा नोंदणीत दिलेला फोन नंबर बदलला आहे, त्यांनी तो बदल या आठवड्यातच कळवावा. खातरजमेचा पहिला फोन त्याच नंबरावर येतो.