पाळणे म्हणजे काय?

आपल्या मराठी भाषेत एक गंमत आहे. आपण कुत्रा पाळतो, मांजर पाळतो, शेळी पाळतो. तसाच आपण शब्द पाळतो, वेळ पाळतो, पथ्यही पाळतो. क्रियापद एकच. शब्द पाळणारा माणूस त्या शब्दाचा मालक नसतो. तो शब्दाला बांधलेला असतो. मग प्राणी पाळणारा माणूस त्या प्राण्याचा मालक असतो, की त्याच्याशी बांधलेला असतो? प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्यापर्यंत तो येऊन पोहोचतो.

आपल्या खानदेशातील शेतकऱ्याने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवले, त्याच खांद्याला हळद-तूप चोळले जाते. दुसऱ्या दिवशी बैलाला जू नाही, काम नाही, तोंडात पुरणपोळीचा घास. हे लाड नव्हेत, ही देण्याची कबुली आहे. तुझे श्रम आम्ही घेतले, आता तुझे पोट आणि तुझे म्हातारपण आमच्याकडे, असा तो करार आहे. करार सगळेच पाळतात असे नाही, हे बाजारात उभ्या केलेल्या थकलेल्या बैलाकडे पाहिले की कळते. पण करार आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते.

कुत्र्या-मांजरांचेही तसेच. कुत्रा निदान 15,000 वर्षांपासून माणसाबरोबर राहत आला आहे. मांजर धान्याच्या कोठारातील उंदरांमागे आले आणि चुलीजवळ स्थिरावले. ही जनावरे आपल्या घरात वाढली, आपल्या सवयींशी जुळली. दार उघडे असले तरी ती संध्याकाळी परत येतात. पवित्र शास्त्रात नाथान संदेष्टा दावीद राजाला एका गरीब माणसाची गोष्ट सांगतो. त्याची एकच कोकरी असते. ती त्याच्या घासातला घास खाते आणि मुलीसारखी त्याच्या कुशीत झोपते. ती हिरावली गेल्याचे ऐकून राजाचा संताप अनावर होतो. मुक्या जिवावरची माया ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही, हे तेव्हाही लोकांना माहीत होते.

आता पोपटाकडे वळू. यावल परिसरात पोपटांचे थवे काही नवे नाहीत. ज्वारीची कणसे भरली की ते उतरतात. शेतात आपण त्यांना गोफणीने हाकलतो आणि घरात त्यांच्यातल्याच एकाला मिरची व पेरू भरवतो. तो एक आपल्याकडे कसा आला, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडाच्या ढोलीतून, पंख फुटण्याआधी, त्याला काढलेले असते. त्याची भावंडे वाटेतच मेलेली असू शकतात. जो जगला तो आपला मिठू.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील जंगली पोपट पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. 2022 साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2023 पासून ती लागू झाली. पोपटाचे संरक्षण तीतही कायम आहे. दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळणारे बजी मूळचे ऑस्ट्रेलियातले. त्यांची गोष्ट वेगळी. पण केवळ पोलीस येतील म्हणून एखादी गोष्ट टाळणे ही नीती नव्हे. ती का टाळायची, हे मनाला पटले पाहिजे.

“आम्ही त्याच्यावर किती प्रेम करतो! तो आम्हाला नावाने हाक मारतो,” असे आपण म्हणतो, आणि ते खरेही असते. पण तो का बोलतो? पोपट हा थव्याने राहणारा पक्षी. थव्यातले आवाज ऐकून तो आवाज शिकतो. थवाच नसला की समोरच्या माणसांनाच तो आपला थवा मानतो आणि त्यांचे आवाज उचलतो. ज्या बोलण्याचे आपण पाहुण्यांसमोर कौतुक करतो, त्याच्या मुळाशी त्याचे एकटेपण असते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की आपण पंख्याखाली सरकतो. पत्र्याच्या पडवीत टांगलेल्याला सरकायला जागा नसते. बैलाशी आपला करार आहे. पोपटाकडून आपण फक्त घेतलेले आहे.

माया असूनही चूक घडते ती अशी. जिथे मायाही नसते, तिथे काय होते? मांडुळाची शेपटी बोथट असते म्हणून त्याला दुतोंड्या म्हणायचे, तो घरात ठेवला की पैशाचा पाऊस पडतो असे सांगायचे आणि लाखोंचे सौदे करायचे. हा बिनविषारी साप शेतातले उंदीर खातो. पाऊस पाडत नाही. चांदणी कासव कोरड्या जमिनीवरचा जीव. त्याला भरभराटीसाठी पाण्याच्या टाकीत सोडले तर ते बुडून मरते. दुर्मीळ मुळी म्हणून डबीत जपली जाणारी हत्थाजोडी तर मुळी नाहीच. ती म्हणून विकली जाणारी वस्तू म्हणजे नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असल्याचे 2017 साली संशोधकांनी उघड केले. जीव घेऊन नशीब विकत मिळत नाही, हे आपण मुलांना घरातच सांगायला हवे.

असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्याविषयी एक जुनी कथा आहे. एक तरुण पकडलेले पारवे विकायला नेत होता. संतांनी ते मागून घेतले आणि त्यांच्यासाठी पिंजरा नव्हे, तर घरटी केली. पारवे तिथे राहिले, त्यांनी पिले वाढवली आणि संतांनी आशीर्वाद देऊन निरोप दिल्यावरच ते गेले. निरोप देण्याची तयारी असणे, हीच मायेची खरी कसोटी आहे.

मग आज पिंजऱ्याचे दार उघडून टाकायचे का? नाही. लहानपणापासून कोंडलेल्या पोपटाच्या पंखांत बळ नसते, त्याला खाणे शोधता येत नाही. कावळे आणि मांजरे त्याला तासाभरात गाठतील. तो वनविभागाकडे सोपवावा. 1926 हा त्यांचा मदत क्रमांक आहे. आपल्या उत्तरेला सातपुड्यात 1969 साली घोषित झालेले सुमारे 176 चौरस किलोमीटरचे यावल अभयारण्य आहे. पक्ष्याचे घर त्या बाजूला आहे, आपल्या ओसरीवर नाही.

आता सर्वांत अवघड प्रश्न. एखाद्या घरात मुले पुण्याला, सुरतेला गेलेली असतात आणि आजीशी दिवसभर बोलणारा एकटा मिठूच असतो. त्याला नेले, तर आजीचे काय? या आजीला कायदा वाचून दाखवणे ही निर्दयता ठरेल. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात दोन्ही बाजू सांगितल्या आहेत: प्राण्यांना विनाकारण दुःख देऊ नये आणि माणसाला द्यायचे प्रेम प्राण्यावर वळवू नये. येथे दोन्हींची गाठ पडते. आजीचे एकटेपण दूर करण्याचे काम आपले होते. ते आपण एका मुक्या जिवाच्या गळ्यात बांधले. पिंजरा रिकामा करायचा, तर आधी आजीशेजारची खुर्ची भरली पाहिजे.

म्हणून मिस्सानंतर घरी जाताना अशा एका घरी थोडा वेळ बसावे. पडवीत पाण्याचे परळ आणि मूठभर ज्वारी ठेवावी. जे पक्षी येतील ते स्वतःच्या मर्जीने येतील आणि मर्जीनेच उडून जातील. आजीलाही ते पाहता येतील, आणि पाहताना शेजारी कोणीतरी असेल.