बोडीची ओल कोणाच्या हाती?

पाण्याखाली दबलेली शेवाळं, गवतं, पालापाचोळा हवेअभावी पुरता कुजत नाही. हजारो वर्षं थरावर थर साठत जातो. त्या मातीला पीट म्हणतात. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम 3 टक्के भाग तिनं व्यापला आहे, पण सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून असेल त्याहून अधिक कार्बन तिच्या पोटात आहे. या साठ्याची राखण फक्त पाणी करतं. चर खणून ते काढून टाकलं की हवा आत शिरते, माती कुजते, पेटतेसुद्धा. 2015 साली इंडोनेशियातल्या कोरड्या पडलेल्या पीटभूमी धुमसल्या आणि पुढच्याच वर्षी त्या पुन्हा ओल्या करण्यासाठी सरकारला वेगळी संस्था स्थापावी लागली.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यात पीट नाही. इथं आहेत साग-बांबूचं रान, धानाच्या बांध्या आणि गावालगतच्या बोड्या, म्हणजे लहान तलाव. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची सुंदरनगर, विवेकानंदपूरसारखी गावं असोत की गोंड-माडियांच्या जुन्या वस्त्या, धान आणि मासळी दोघांनाही हवी. इथून उत्तरेला चामोर्शी, मूल, सिंदेवाही करत थेट नवेगाव बांधापर्यंत गेलं की तलावांचा तो जुना मुलूख लागतो. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव साडेसहा हजारांहून अधिक आहेत. जो तलाव बांधील त्याला जमीन, असं चांद्याच्या गोंड राजांचं धोरण होतं, अशी परंपरा सांगते. कोहळी समाजानं त्यात पिढ्यानपिढ्यांचं कसब ओतलं.

1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली. जाणं न्याय्यच होतं, कारण ती शोषणाची व्यवस्था होती. पण तिच्याबरोबर तलावाची देखभालही गेली, हे नुकसान आपण मोजलंच नाही. तलाव सरकारजमा झाले. लहान जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. पाळ खचली तर फावडं घेऊन धावणारा गावकरी आता अर्ज घेऊन तालुक्याला जाऊ लागला. गाळ साचला, काठानं बेशरम नावाचं झुडूप माजलं.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या परिसरात धीवर या मासेमार समाजातल्या बायाबापड्यांनी हे चित्र पालटून दाखवलं. आधी बेशरम मुळासकट उपटायची, कारण राहिलेल्या तुकड्यातून ती पुन्हा फुटते. मग उन्हाळ्यात तळ नांगरायचा आणि पाणी आलं की चिखलात उतरून देशी पाणवनस्पती हातानं रोवायच्या. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून काय लावायचं ते त्यांनीच ठरवलं. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात हे ज्ञान कुठल्या रकान्यात बसवणार?

तलावाला कार्बनची तिजोरी म्हणून मिरवणं मला मान्य नाही. तळच्या गाळात कार्बन पुरला जातो हे खरं, पण उथळ पाण्यातून मिथेनही निघतो, आणि उपसलेला गाळ शेतात जातो. बदलत्या हवामानात बोडीचं मोल दुसरीकडे आहे. पाऊस चार दिवसांत कोसळून महिनाभर दडी मारू लागला, तर लोंब्यांवर आलेलं धान वाचवणारं पाणी तिच्यातच असतं. पीटभूमीशी तिचं खरं नातंही इथंच आहे: दोन्हीकडे ओल टिकवायची तर जवळ राहणारा माणूस लागतो.

कायदा मात्र इथं अडखळतो. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांनी भातखाचरं आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळले. म्हणजे दोन-तीनशे वर्षांचा, कमळांनी आणि बदकांनी भरलेला तलाव सिंचनासाठी बांधला एवढ्याच कारणानं संरक्षणाबाहेर. हा अन्याय आहे.

पण दुसरं दार उघडं आहे. 1996 च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतींकडे सोपवलं. 2015 पासून राज्यात आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो, आणि जलसंधारण व वनतळी ही कामं त्यात बसतात. गडचिरोली जिल्ह्यातल्याच मेंढा (लेखा) गावानं 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून ग्रामसभा काय करू शकते ते दाखवलं आहे. रानाला जे लागू, ते पाण्यालाही.

तेव्हा येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत रस्ता आणि सभामंडपाच्या आधी बोडीचा ठराव घ्या. तिची देखभाल कोण करणार, ही नावं त्याच ठरावात लिहा आणि त्यात धीवर व मासे धरणाऱ्या घरांच्या बाया असू द्या.